पाण्यात पायाला गोळा का येतो?

वैशाखात कान नदीचे पात्र आटले की साक्रीकडची पोरे विहिरी गाठतात. कोणी पाठीला वाळका भोपळा बांधून हातपाय मारतो, कोणी काठावरून धाडकन उडी घेतो. वडीलधारी माणसे ओरडतात, "जेवून पाण्यात पडू नका रे, गोळा येईल!"

हा इशारा काही आपल्याच गावचा नाही. विलायतेत आणि अमेरिकेतही तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९६१ साली आर्थर स्टाइनहाउस या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञाने त्यावर शंका घेतली. जेवणामुळे गोळा येऊन चांगले पोहणारे बुडतात, याला भक्कम पुरावा नाही असे त्याचे म्हणणे. तुडुंब जेवल्यावर दम लागतो, ती गोष्ट वेगळी.

मग गोळा येतो कशाने? पहिला धागा सापडला तो पाण्यात नव्हे, कोळशाच्या खाणीत! इंग्लंडात खोल, तापलेल्या खाणीतले मजूर घामाने निथळत, वर घटाघटा साधे पाणी पीत आणि पोटऱ्या धरून बसत. १९२३ साली मॉस नावाच्या संशोधकाने दाखवले, की घामावाटे मीठ जाते आणि नुसत्या पाण्याने उरलेले आणखी पातळ होते. पाण्यात चिमूटभर मीठ घालताच त्रास कमी झाला. पुढे १९३२ च्या सुमारास अमेरिकेत हूव्हर धरणाच्या मजुरांतही हार्वर्डच्या संशोधकांना हेच आढळले.

पण गार पाण्यात पोहणाऱ्याला घाम तो किती येणार? १९९७ साली दक्षिण आफ्रिकेतील श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरे कारण पुढे मांडले: थकलेला स्नायू. स्नायू दमला की त्याला आवळण्याचे हुकूम वाढतात आणि सैल सोडणारा लगाम ढिला पडतो. त्यातून स्नायू आधीच आखडलेला असला तर विचारायलाच नको. पोहताना आपण पावले मागे ताणून धरतो ना? तेव्हा पोटरी सारखी आखडलेलीच असते.

म्हणजे खरी काळजी करायची ती जेवलेल्या पोराची नव्हे. दिवसभर उन्हात राबून, घामाघूम होऊन तसाच विहिरीत उडी घेणाऱ्या गड्याची! त्याने आधी सावलीत टेकावे, मीठ-भाकर खावी, पाणी प्यावे, पोटऱ्या ताणाव्यात, मग पायऱ्यांनी उतरावे. एकट्याने तर मुळीच जाऊ नये.

गोळा आलाच तर? धडपड करू नका. उताणे व्हा, छातीत हवा भरून घ्या, हातांनी पाणी सारत काठाकडे या. काठ धरला की गुडघा सरळ ठेवून पायाचा अंगठा आपल्याकडे ओढा. आवळलेली पोटरी ताणली की हळूहळू सुटते. काठावरच्याने मागे उडी टाकू नये, दोर किंवा धोतर फेकावे.

गुरुजी, हे कोरड्या जमिनीवरही शिकवता येते. पोरांना पाय पसरून बसवा आणि अंगठे ओढायला लावा. पोटरीत ताण कुठे बसतो, ते ज्याचे त्यालाच कळेल.