न मागता मिळालेलं प्रतिनिधित्व

1998 साली मी धुळ्यातल्या एका कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला होते. एक दिवस नोटीस बोर्डावर वर्ग प्रतिनिधींची यादी लागली आणि तीत माझं नाव होतं. मी अर्ज केला नव्हता की कुणाकडे मत मागितलं नव्हतं. एफ.वाय.ला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले होते, एवढंच. अब्बांनी संध्याकाळी पेढे आणले. वर्गातल्या एका मुलाने मात्र विचारलं, "तुला निवडलं कुणी?"

उत्तर 1994 सालात होतं, पण ते मला खूप नंतर कळलं.

आमचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणजे उमवि, 15 ऑगस्ट 1990 रोजी सुरू झालं. त्याआधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. मार्कशीटमध्ये नाव चुकलं तरी रात्रभर एस.टी.त बसून पुणे गाठायचं. (मुस्लिम नावांच्या स्पेलिंगचा घोळ ज्यांनी भोगलाय त्यांना हे सांगायला नको.) पहिले कुलगुरू डॉ. एन. के. ठाकरे. बांभोरीजवळ गिरणेच्या काठावर सुमारे 650 एकरांचा टेकड्यांचा माळ मिळाला. धुळ्याहून पारोळा, एरंडोल, पाळधी करत जळगावला जाताना गिरणेच्या पुलाआधी तो लागतो. पुढे त्या माळावर इमारती, वसतिगृहं उभी राहिली, झाडं वाढली, पाणी अडवलं गेलं.

विद्यापीठ असं आकार घेत असतानाच 1994 चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा आला. कॉलेज निवडणुकांत तेव्हा पैसा आणि दांडगाई फार शिरली होती. 1989 मध्ये मुंबईत याच वादातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला होता. नव्या कायद्याने थेट निवडणूक काढून टाकली. आदल्या परीक्षेत गुणवत्ता दाखवणारा विद्यार्थी वर्गाचा प्रतिनिधी, शिवाय खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी., सांस्कृतिक यांतून एकेक आणि दोन मुली, सगळे प्राचार्यांनी नेमलेले. या नेमलेल्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा. खानदेशला घरचं विद्यापीठ मिळालं आणि चारच वर्षांत पोरांचं मत गेलं.

मला हा नियम सरसकट वाईट म्हणता येत नाही. मतदान झालं असतं तर बुरख्यातल्या मुलीला किती मतं पडली असती, हे मला चांगलं ठाऊक आहे. मार्कांनी जात, मोहल्ला विचारला नाही. पण यावल-चोपड्याकडून आलेला, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणारा तडवी मुलगा त्या यादीत कसा येणार? ट्यूशनवाल्यांचीच पोरं वर येत.

सचिव निवडायला आम्ही एका खोलीत जमलो, चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं मतदान. लोकसभा-विधानसभेचं एकत्र मतदान सप्टेंबर 1999 मध्ये झालं, ते दुसरं. वर्षभरात आमच्या बैठका दोन. मी मुलींसाठी संध्याकाळच्या एस.टी.चा विषय काढला. सर म्हणाले, "बघू." बाहेर येऊन कुणाला सोबत घ्यावं तर कुणी माझं नव्हतं. माझ्यामागे मार्क होते, माणसं नव्हती. गॅदरिंगला पाहुण्यांना हार घालायला मात्र आम्हाला आठवणीने बोलावलं.

2016 च्या कायद्याने थेट निवडणूक परत आणली: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागास प्रवर्गाची जागा, आळीपाळीने. तडवी एस.टी.त आहेत, पिंजारी, मोमीन ओबीसीत. म्हणजे आपल्या पोरांनाही तिथून वाट आहे. 2018 मध्ये विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मार्कांच्या यादीत त्या कधीच आल्या नसत्या. 2019 मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या. मग कोरोना आला.

माझी भाची आता त्याच टेकडीवर एम.ए. करते. गेल्या ईदला तिला विचारलं, "तुमचा प्रतिनिधी कोण?"

ती म्हणाली, "खालाजान, वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ना. त्याचा अ‍ॅडमिन सांगतो काय ते."