कचारगडची वाट आणि पानांची भांडी

१/ माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. मोटारी नव्हत्या तेव्हा जंगलातल्या अशा मुक्कामांवर माणसे कशात जेवत असतील?

२/ भांडी जंगलातच होती. पळसाची पाने काड्यांनी टाचली की पत्रावळ, दुमडून टाचली की द्रोण. पोखरून वाळवलेला भोपळा म्हणजे पाण्याचा तुंबा. झाडावर मिळत नसे ते केवळ लोखंडी पाते. ते घरूनच आणावे लागे.

३/ विदर्भात हे पाते फार जुने आहे. नागपूरजवळच्या माहूरझरीच्या महापाषाणीय दफनांत लोखंडी सुऱ्या, खंजीर व कुऱ्हाडी सापडल्या. नायकुंडला इ.स.पू. सुमारे ७०० मधील लोह गाळण्याची भट्टी मिळाली.

४/ लोखंड आणि मडके टिकले, म्हणून संग्रहालयात पोहोचले. पान कुजले, तुंबा मातीत मिसळला.

५/ केवळ टिकलेल्या वस्तूंवरून इतिहास लिहिला, की ज्यांची भांडी मातीत मिसळली त्यांना ‘साधनहीन’ ठरवणे सोपे जाते. वास्तविक कोणते पान चिवट, ते केव्हा तोडावे, कसे टाचावे, हेही तंत्रज्ञानच. ते जाणणारे हात आहेत तोवर त्याची नोंद करणे हेही इतिहासलेखनच होय.