‘हे विनंती’ ते ‘नेसेसरी ॲक्शन’

मध्यंतरी कार्यालयात प्रशिक्षणवर्ग होता. प्रकल्प सांभाळणाऱ्यांसाठी उपयुक्त इंग्रजी वाक्प्रयोगांचे दोन झेरॉक्स कागद हाती पडले. ‘लेट अस टच बेस’ हा त्यातलाच एक. मी कारकून माणूस. ‘पुट अप’, ‘प्लीज स्पीक’, ‘फॉर नेसेसरी ॲक्शन’ एवढ्यावर वीस वर्षे काढली. कागद वाचताना मात्र मोडी पत्रांची आठवण झाली.

कारण हा धडा आपल्याकडे फार जुना. पत्र कोणाला कसे लिहावे हे शिकवणारी ‘मेस्तके’ होती. त्यांचे नाते हेमाडपंतांशी जोडतात. पुढच्या मराठी पत्रव्यवहारात तर शेवटाच्या शब्दावरून नाते कळे. हाताखालच्याला ‘जाणिजे’, बरोबरीच्याला ‘हे विनंती’, वरिष्ठाला ‘हे विज्ञापना’. सुरुवातीला ‘येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ हे ठरलेलेच. दोन ओळी खरडून पाठवलेल्या आजच्या ई-मेलपेक्षा हे कितीतरी सभ्य, असे माझे मत.

ही कचेरीची मराठी बेळगाव-निपाणीकडे खोल रुजली होती. आदिलशाही, मग मराठे आणि 1818 पासून इंग्रज अशा तीन राजवटी पाहिलेला हा मुलूख. कित्तूर संस्थानाचेही बरेच कागद मोडी मराठीत आहेत. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबई इलाख्यातल्या कन्नड भागात शाळा-कचेऱ्यांवर मराठीचा वरचष्मा होता आणि कन्नड मुलालाही तिच्यापुढे मान तुकवावी लागे. वॉल्टर इलियट, डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी खटपट केली ती त्यामुळेच. आपण सीमाभागाविषयी बोलताना हे पान उलटून पुढे जातो.

1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि चाके उलटी फिरली. 1963 च्या कायद्याने कन्नड राजभाषा झाली. महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला, बेळगाव शहर म्हैसूरला असा निवाडा सुचवला. महाराष्ट्राने तो नाकारला. राज्यपुनर्रचनेच्या वेळी केंद्राने अल्पसंख्य भाषकांसाठी काही तत्त्वे ठरवली होती. तालुक्यात वा नगरपालिकेत पंधरा-वीस टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे त्यातले एक. मराठी कागदांची मागणी तिथे अजून चालूच आहे. निपाणीकडच्या एका परिचिताच्या जमिनीचा उतारा मी पाहिला. सगळा कन्नड. शेत आजोबांचे, वहिवाट नातवाची, पण त्यात काय लिहिले आहे ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

गंमत अशी की तोच कागद वाचून घेताना त्याला अर्धे शब्द ओळखीचे निघतात. कन्नडात त्याला ‘पहणि’ म्हणतात, म्हणजे आपली पाहणीच. अर्जाला ‘अर्जि’, नकलेला ‘नकलु’, खात्याला ‘इलाखे’, आणि फलकावर ‘कचेरि’. फारसीतून आलेले कितीतरी शब्द दोन्ही भाषांनी एकाच दरबारातून उचलले. इकडे शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी पेशव्यांच्या दफ्तरातून फारसी काही हटली नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर मात्र पदनाम कोश आला, 1964 चा राजभाषा कायदा आला, आणि कचेरीचे ‘कार्यालय’ व खात्याचा ‘विभाग’ झाला. सीमेपलीकडच्या मराठी माणसाच्या तोंडी जुनी कचेरीच राहिली. म्हणजे मुंबईच्या पाटीपेक्षा बेळगावची कन्नड पाटीच त्याच्या बोलीला जवळची!

आपण गोमंतकीयांनी फार हसू नये. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, मराठीचाही शासकीय वापर मान्य झाला. माझ्या टेबलावरच्या फायली मात्र अजून इंग्रजीतच फिरतात, आणि भाटकारांच्या जुन्या कपाटांतले कागद पोर्तुगीजमध्ये. बेळगावचे नाव 2014 मध्ये अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाले, त्याआधीच 2004 मध्ये महाराष्ट्र सीमावाद घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला होता. कोणत्या गावाने कोणत्या भाषेत अर्ज लिहावा याचा तो दावा. तिथले कामकाज अर्थातच इंग्रजीत.