गोषा आणि ओळख : दस्तनोंदणीपासून मतदान केंद्रापर्यंत

पुणे शहराच्या नैर्ऋत्येस मुठा नदीच्या काठी असलेले वारजे हे एके काळी हवेली तालुक्यातील शेतीचे गाव होते. आज ते दाट वस्तीचे उपनगर झाले असून लोकसभेसाठी बारामती आणि विधानसभेसाठी खडकवासला या मतदारसंघांत मोडते. मतदानाच्या दिवशी येथील केंद्राच्या दारात झाकलेले चेहरे दोन प्रकारचे दिसतात. दुचाकीवरून येणाऱ्या तरुणी धूळ व ऊन यांच्या भयाने डोळे तेवढे मोकळे ठेवून चेहऱ्यास ओढणी गुंडाळतात. ही चाल पुण्यात इतकी रुळली आहे की तिचे कोणास नवल वाटत नाही. ही ओढणी दारात सोडली की काम भागते. बुरखा घेतलेल्या स्त्रीच्या बाबतीत मात्र अधिकाऱ्यास क्षणभर थांबावे लागते. त्या क्षणी काय करावे, हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. इंग्रजी अमदानीतील कायद्याने त्याचे एक उत्तर दिले होते, आणि ते लोकशाहीच्या काळात अपुरे का पडले हे पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात शेतावर राबणाऱ्या कुणबी स्त्रीने डोक्यावर पदर घेतला, पण चेहरा झाकला नाही. गोषा होता तो मुख्यत्वे सरदार-देशमुखांच्या वाड्यांत आणि प्रतिष्ठित मुसलमान घराण्यांत. बंद मेण्यातून जाणे हे धर्माचरणाइतकेच दर्जाचेही लक्षण होते. अशा घरातील स्त्रीच्या नावावर जमीन वा वाडा असे आणि तिच्या नावाचे खरेदीखत किंवा बक्षीसपत्र नोंदविण्याची वेळ येई. तेव्हा पडद्याआडून कबुली देणारी स्त्री तीच कशावरून, ही शंका कचेरीस पडे. अंगठा भलतीच स्त्री उमटवी किंवा खऱ्या मालकिणीस दस्तातील मजकूरच कळलेला नसे. दोन्ही प्रकारांत मिळकत तिच्या हातून जाण्याचा धोका होता.

कायद्याने यावर दोन बाजूंनी उपाय केला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३२ ने, देशाच्या रीतिरिवाजानुसार ज्यांना लोकांसमोर येण्यास भाग पाडू नये अशा स्त्रियांना न्यायालयातील जातीच्या हजेरीतून सूट दिली. त्याच वर्षीच्या नोंदणी अधिनियमाच्या कलम ३८ ने अशा स्त्रियांना नोंदणी कचेरीत येण्यापासूनही मोकळे केले. पण ओळख पटविण्याचे बंधन सैल केले नाही. नोंदणी अधिकाऱ्याने स्वतः तिच्या घरी जावे किंवा कमिशन काढून तिची तपासणी करवावी, असे तेथे सांगितले आहे. आणि हे सांगणे आज्ञेच्या भाषेत आहे, ऐच्छिक नाही. शिवाय दस्ताचा लाभ घेणाऱ्यानेच, तो त्या स्त्रीस पूर्ण उमजला होता हे सिद्ध करावे, हा दंडक प्रिव्ही कौन्सिलने घालून दिला. पडदा कायम ठेवून शहानिशेचा भार राज्यावर आणि दुसऱ्या पक्षावर टाकण्याची ही रीत होती.

ती सर्वांसाठी मात्र नव्हती. केवळ काही प्रमाणात एकांतात राहणाऱ्या स्त्रीस हे विशेष संरक्षण मिळत नाही, त्यास संपूर्ण गोषा हवा, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९०२ साली म्हटले. म्हणजे बुरखा घेऊन बाजारास वा कामास जाणारी गरीब स्त्री त्यातून वगळली गेली. वाड्यातील स्त्रीकडे कचेरी चालत जाई; वस्तीतील स्त्रीकडे जाण्याचे कारणच कायद्यास दिसले नाही.

सार्वत्रिक मताधिकाराने हा भेद पुसला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर चेहऱ्याआधी नावाचाच पडदा आडवा आला. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश येथील असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला व ‘अमक्याची बायको’, ‘अमक्याची आई’ एवढीच ओळख लिहविली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणी यादीबाहेर राहिल्या. (महाराष्ट्रात संकोच होता तो पतीचे नाव उच्चारण्याचा, त्याला उखाण्याची वाट होती.) सेन यांचा निर्णय कठोर होता, पण त्यामुळेच पुढील निवडणुकीपर्यंत स्त्रिया स्वतःच्या नावाने यादीत आल्या, हेही खरे.

छायाचित्राची कथा निराळी. १९६० साली कलकत्ता नैर्ऋत्य मतदारसंघात सचित्र ओळखपत्रांचा प्रयोग झाला. सुमारे ३ लाख ४२ हजार मतदारांपैकी दहा महिन्यांत २ लाख १३ हजारांचीच छायाचित्रे घेता आली. अनेक स्त्रियांनी छायाचित्र काढू देण्यास नकार दिला, हे त्यामागील एक कारण होते. योजना सोडून द्यावी लागली आणि देशभर ती १९९३ मध्येच हाती घेतली गेली. पुढे मतदार यादीतच छायाचित्रे आली. गोषातील स्त्रियांची चित्रे परपुरुषांच्या हाती जातात, हा आक्षेप मद्रास उच्च न्यायालयाने २००६ साली अमान्य केला. सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१० मध्ये हा विषय निघाला, तेव्हा छायाचित्र नको असेल तर मतदान करू नये, अशा आशयाचे उद्गार न्यायपीठाने काढले. यादीच्या दृष्टीने निकाल योग्यच होता. या उद्गारात मात्र १९०८ च्या कायद्यातील सौजन्य उरलेले दिसत नाही.

प्रत्यक्ष केंद्रावरील व्यवस्था १९६१ च्या निवडणूक नियमांत आहे. स्त्री-मतदारांच्या साहाय्यासाठी केंद्रावर स्त्री-मदतनीस नेमता येते, आणि तिच्यासमोर आडोशाला चेहरा दाखवून ओळख पटविता येते. परंतु येथे भाषा ‘नेमता येईल’ अशी आहे, ‘नेमावी’ अशी नाही. मिळकतीच्या दस्तासाठी जे बंधनकारक होते ते मतासाठी ऐच्छिक झाले. दस्त वर्षातून एखादा होई, मतदान एकाच दिवशी हजारो केंद्रांवर होते, हे त्याचे उघड कारण. पण ज्या केंद्रावर एकही स्त्री-कर्मचारी नसेल, तेथे सारा भार पुन्हा त्या स्त्रीच्या संकोचावरच येऊन पडतो.

मतदाराच्या ओळखीस आक्षेप घेण्याचा अधिकार मतदान प्रतिनिधीस आहे. त्यासाठी त्याने दोन रुपये अनामत भरावयाचे आणि केंद्राध्यक्षाने तेथल्या तेथे चौकशी करावयाची. बुरखा स्वतः उचलावयास लावण्याचा अधिकार प्रतिनिधीस वा उमेदवारास नाही. आणि तपासणी ढिली राहून एखादीच्या नावाने आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर खऱ्या स्त्रीस प्रदत्त मतपत्रिका दिली जाते. ती वेगळ्या लखोट्यात बंद होते व मोजणीत धरली जात नाही.