ख्रिस्तपुराणाचीं दोन पुराणें : ग्रंथ एक कीं दोन?

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ख्रिस्तपुराणाचा विचार आजवर बहुतेकांनीं भाषेच्या व ओवीच्या अंगानें केला आहे. तें योग्यच होय. परंतु ग्रंथाची सर्व मांडणी ज्या एका कल्पनेवर उभी आहे, तिच्याकडे त्यामुळें थोडें दुर्लक्ष झालें, असें आम्हांस वाटतें. ईश्वराचें प्रकटन एकाच वेळीं पुरें झालें नाहीं. सृष्टीच्या आरंभापासून तें संदेष्ट्यांच्या मुखानें क्रमाक्रमानें होत आलें व अखेर ख्रिस्ताच्या ठायीं पूर्णतेस गेलें, ही ती कल्पना होय.

स्टीफन्स इ. स. १५७९ त गोव्यास आले व साष्टी प्रांतांत बहुतेक आयुष्य घालवून १६१९ त वारले. त्यांचा ग्रंथ १६१६ त राचोल येथें छापला गेला. त्याच्या पोर्तुगीज नांवाचा अर्थ, आपला तारक येशू ख्रिस्त ह्याच्या जगांतील आगमनाविषयीं दोन भागांत केलेलें विवेचन, असा होतो. म्हणजे आगमन एक आणि भाग दोन. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वरु व ४,१८१ ओव्या, दुसऱ्यांत ५९ अवस्वरु व ६,७८१ ओव्या. पहिल्या पुराणांत ख्रिस्ताचा जन्म झालेलाच नाहीं, तरी त्या चार हजारांवर ओव्या कर्त्यानें त्याच्या आगमनाच्याच सदरांत घातल्या आहेत.

हा विचार स्टीफन्स ह्यांचा स्वतःचा नव्हे. दुसऱ्या शतकांत रोम येथें मार्सियन ह्यानें जुन्या ग्रंथांचा देव निराळा व ख्रिस्ताचा पिता निराळा असा पक्ष मांडला, तेव्हां तेथील मंडळीनें इ. स. १४४ च्या सुमारास त्यास बहिष्कृत केलें. परंतु साष्टींत ह्या जुन्या वादास नवें महत्त्व आलें. श्रोता पुराणें ऐकलेला. जुनीं पुराणें बंद केलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें द्या, अशी एका ब्राह्मणाची मागणी ग्रंथांतच आली आहे. अशा श्रोत्यानें ख्रिस्तास आणखी एक अवतार समजणें अगदीं सहज होतें. आदामाच्या पतनानंतर दिलेलें वचन पिढ्यानपिढ्या कसें पुढें चाललें, हें आधीं सांगितल्यावांचून ती समजूत दूर होणें कठीण होतें.

ह्याच्या उलट क्रम पुढें श्रीरामपूर येथें झाला. केरी ह्यांनीं मराठींत प्रथम १८०५ त मात्थीचें शुभवर्तमान छापलें. त्याचा आरंभच अब्राहाम व दावीद ह्यांच्या वंशावळीनें होतो! हे पुरुष कोण, हें न कळतांच वाचकानें पुढें जावयाचें. प्रचारांतील “जुना करार” व “नवा करार” हे शब्दही विचार करण्यासारखे आहेत. दप्तरांत वावरणाऱ्यांस ठाऊकच आहे कीं, नवा करार झाला म्हणजे जुना बहुधा रद्द समजला जातो. “पहिलें पुराण” व “दुसरें पुराण” ह्यांत तसा ध्वनि नाहीं. आमच्या मतें स्टीफन्स ह्यांचे शब्द येथें अधिक नेमके आहेत.

लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील नागरी पोथ्यांवर मात्र “आदिपुराण” व “देवपुराण” अशीं निरनिराळीं नांवें आहेत. ॲबट ह्यांनीं १९२३ त त्या उजेडांत आणल्या. केवळ नांवें पाहणारास हे दोन स्वतंत्र ग्रंथ वाटावे, हें साहजिक आहे. यादी करणारांनीं तरी तसें करूं नये.

१६१६, १६४९ व १६५४ ह्या तिन्ही छापांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. सालढाणा ह्यांनीं १९०७ त मंगळूर येथें ग्रंथ छापला, तो हस्तलिखितांच्याच आधारानें. म्हणून साष्टींत किंवा मंगळुराकडे रोमन लिपींतील एखाद्याच पुराणाची पोथी कोणास मिळाल्यास, ती पूर्ण समजून बांधून ठेवूं नये. शेवटचें पान व अक्षराचें वळण टिपून घ्यावें आणि दुसऱ्या पुराणाची चौकशी प्रथम त्याच घरीं करावी.