दार लावा, केस उडतात!

खिशात हात घाला. बोटांना मऊ लागलं ना काहीतरी? बीव्हर नावाच्या प्राण्याच्या, केसांसकट कमावलेल्या कातड्याची पट्टी आहे ती, नखाएवढी रुंद, वीतभर लांब. अमेरिकेत धनुष्य घेऊन हरणामागे जाणारे शिकारी अशा दोन पट्ट्या धनुष्याच्या दोरीला गुंडाळतात. बाण सुटला की दोरी झणझणते, तो आवाज बाणाच्या आधी हरणाच्या कानी पोचतो, हरीण दबकतं आणि बाण पाठीवरून निघून जातो. केसांचा गोंडा ती झणझण गिळतो. पट्टी कापायची ती कातड्याच्या बाजूनं, पात्याच्या नुसत्या टोकानं. कात्री चालवलीत तर अर्धे केस तुमच्या मांडीवर. मग दोरीच्या पेडांत एक टोक खुपसायचं, मळसूत्रासारखे वेढे द्यायचे आणि दुसरं टोक पुन्हा पेडांत अडकवायचं.

पण आज आपण जाणार आहोत तिथे दोरी आणि बीव्हर यांचं नातं अगदी उलटं आहे. पट्टी खिशातच राहू द्या.

डोकं सांभाळा, दार बुटकं आहे. लंडन, थेम्सच्या दक्षिण काठावरचं साउथवर्क, 1690 च्या सुमाराचं. टोप्यांचा कारखाना. आधी वास येईल: ओल्या केसांचा, सरसाचा, आंबलेल्या दारूच्या गाळाचा आणि दगडी कोळशाच्या धुराचा. नाकाला रुमाल लावू नका, लोक हसतील. पलीकडच्या बरमंडसीत कातडी कमावतात, तिथला वास याहून वाईट.

पहिल्या खोलीत बायका बसल्या आहेत. मांडीवर कातडं, हातात सुरी. बीव्हरला दोन तऱ्हेचे केस असतात, वर लांब राठ केस आणि खाली दाट, बारीक लव. टोपीला लागते ती फक्त लव. बाई सुरीचं पातं आणि अंगठा यांच्या चिमटीत राठ केस पकडते आणि झटका देते. खस्स. पुन्हा खस्स. तुम्ही करून बघा. दहा झटक्यांत अंगठा हुळहुळतो, आणि ती तुमच्याकडे न बघता हसते.

त्यातली काही कातडी तेलकट लागतील. ती कॅनडातल्या मूळच्या लोकांनी केसांची बाजू आत घेऊन एकदोन हिवाळे पांघरलेली आहेत. अंगाच्या घर्षणानं आणि चरबीनं राठ केस आपोआप गळालेत, लव मऊसूत झालीय. टोपीवाले अशा जुनेऱ्यावर जीव टाकतात. म्हणजे उद्या लॉर्डसाहेब ज्या टोपीखाली मिरवणार, तिच्यात तिथल्या एखाद्या क्री जमातीच्या माणसाचा दोन हिवाळ्यांचा घाम मुरलेला आहे. हे त्यांना सांगायला जाऊ नका.

आता पुढची खोली. चटकन आत या आणि—

“दार लाव!”

लावलंत? खिडक्याही बंदच आहेत. वाऱ्याची झुळूक आली तर सकाळपासूनचं काम हवेत जाईल. त्यामुळे उकडतं असं की पाठीवरून धारा लागतात, आणि घामावर लव चिकटते. नाकात, भुवयांत, ओठांवर.

गाद्या पिंजायला गल्लीत येणारा पिंजारी आठवतोय? तोच इथे उभा आहे असं समजा. माणसाच्या उंचीहून लांब लाकडी कमान छताला दोरीनं टांगलेली, तिला ताणून बसवलेली आतड्याची तांत. खाली फटींचं बाक, त्यावर कातरलेल्या लवेचा ढीग. कारागीर डाव्या हातानं कमान तोलतो आणि उजव्या हातातल्या लाकडी खुंटीनं तांत ओढून सोडतो. ढुंग! ढिगाचा एक कोपरा उडतो. ढुंग, ढुंग! धूळ फटींतून खाली पडते, लव मात्र तरंगत जाऊन पलीकडे बसते, एकसारखी, सायीसारखी पातळ. तिला हात लावायची इच्छा दाबा. शिंक तर अजिबात नको.

अशा साया चामड्याखाली हलक्या हातानं चेपून घट्ट करतात आणि जोडून मोठं टोपडं करतात. मग ते कढईवर जातं. तिथे फार वेळ थांबू नका. उकळत्या पाण्यात दारूचा गाळ, भोवती उतरत्या फळ्या, प्रत्येक फळीपाशी एक घामाघूम माणूस. बुडव, गुंडाळ, लाट, उलगड, परत बुडव. लवेचे बारीक खवले एकमेकांत अडकत जातात आणि टोपडं आटत आटत जाड नमदा होतं. माणसांचे हात उकडलेल्या खेकड्यासारखे लाल.

बिअरची सुट्टी झाली. कमानीची खोली रिकामी. आता मला ठाऊक आहे तुमच्या मनात काय आलंय. काढा ती पट्टी. तांतेला वेढे द्या, टोकं सुतळीनं बांधा, आणि साळसूदपणे कोपऱ्यात उभे राहा.

कारागीर येतो, तोंड पुसतो, खुंटी लावतो.

थप्.

ढीग हललासुद्धा नाही. पुन्हा ओढतो. थप्. पलीकडच्या खोलीतला खस्स-खस्स आवाज थांबतो, बायका दारातून डोकावतात. कधी नव्हे ते “दार लाव” म्हणून कुणी ओरडत नाही. तो तांतेवरून बोट फिरवत जातो आणि गोंड्यापाशी थांबतो. सोडवतो. केसांत फुंकर मारून आतली लव बघतो, मग तुमच्याकडे.

आता शिव्या बसणार म्हणून तुम्ही खांदे आवळता.

“राठ केससुद्धा उपटले नाहीत?” तो विचारतो. “कुणी शिकवलं तुला?”

पट्टी दारातल्या बाईकडे जाते. खस्स, खस्स, खस्स. मग सुरीचा एक सपकारा, आणि चिमूटभर लव ढिगावर पडते. उरलेली उघडी वादी ती तुमच्या तळहातावर ठेवते. मागे ढुंग-ढुंग सुरू झालेलं असतं, आणि ढिगातली तुमची लव कुठली हे आता सांगता येत नाही.