गोठवलेले बीज, मागे राहिलेला प्रश्न

बोईसर-तारापूरच्या मुलांना किरणोत्सार हा शब्द अणुवीज केंद्रामुळे परिचयाचा असतो. कर्करोगावरील किरणोपचार व तीव्र औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात. शुक्राणू तयार करणाऱ्या पेशीही त्यात सापडतात. म्हणून तरुण रुग्णांना आधीच वीर्य गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. पण रुग्णच दगावला तर?

१९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना आढळले की ग्लिसरॉल मिसळल्यास कोंबड्याचे शुक्राणू गोठूनही जिवंत राहतात. १९५३ मध्ये अमेरिकेत माणसाच्या गोठवलेल्या वीर्यापासून गर्भधारणा झाली. द्रवरूप नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानात पेशींतील रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात.

कायदा मात्र निसर्गाचा हिशेब धरून चालला होता. १८७२ च्या पुरावा कायद्याने पतीच्या मृत्यूनंतर २८० दिवसांत जन्मलेले मूल त्याचेच मानले. विधवेने पुनर्विवाह केलेला नसावा, एवढी अट. हा नियम २०२३ च्या नव्या कायद्यातही आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मृत्यूच्या वेळी गर्भात असलेल्या बाळाला वारसाहक्क दिला. मृत्यूनंतर गर्भधारणा होईल, हे दोन्हींत गृहीतच नाही.

१९८४ मध्ये फ्रान्समधील न्यायालयाने एका विधवेला पतीचे वीर्य देवविले. ब्रिटनमध्ये डायान ब्लड यांच्या पतीची लेखी संमती नव्हती. १९९७ मध्ये त्यांना उपचार बेल्जियममध्ये घेण्याची मुभा मिळाली.

आपल्याकडे २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्याने उपचारांसाठी लेखी संमती आवश्यक ठरवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका अविवाहित मृत तरुणाचे वीर्य आईवडिलांना देण्याचा आदेश दिला. संमती दिसत असेल तर कायद्याची मनाई नाही, असा न्यायालयाचा निर्वाळा होता. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण अधिक अवघड होते. मुलाने अर्जावर, मृत्यू झाल्यास वीर्य नष्ट करावे, असा पर्याय निवडला होता. आईला ते हवे होते. निकालाआधीच नमुना नष्ट झाला तर याचिकेला अर्थ उरणार नाही, म्हणून न्यायालयाने तोवर तो जपण्यास सांगितले.

विचित्रवीर्य निपुत्रिक वारला तेव्हा वंशासाठी सत्यवतीने नियोगाचा मार्ग धरला. आईची ओढ तेव्हाही खरी होती, आजही आहे. आम्हाला मात्र वाटते, मृताने लिहून ठेवलेला शब्द दुःखाच्या भरात पुसला जाऊ नये. आणि ज्याला कोणी विचारूच शकत नाही, त्या जन्मणाऱ्या मुलाच्या बाजूने कोण बोलणार? वर्गातील चर्चा इथून सुरू करता येईल.